घरगुती किण्वन आणि उष्णतेचा ताळेबंद

इंग्लंडमध्ये १९६३ सालच्या एप्रिल महिन्यात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात एक लहानशी तरतूद होती. स्वतःच्या घरी व स्वतःच्या उपयोगासाठी बिअर तयार करणाऱ्यास १८८० सालापासून जो परवाना घ्यावा लागत असे, त्याची आवश्यकता या तरतुदीने संपुष्टात आली. पुढील दोन दशकांत माल्टचा दाट अर्क, हॉप या वेलीची वाळलेली फुले, यीस्टच्या पुड्या आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या ही सामग्री तेथील दुकानांतून सर्रास मिळू लागली आणि एके काळी खेड्यापाड्यांतील गृहिणींच्या हातची असलेली ही कला शहरातील स्वयंपाकघरांत पुन्हा अवतरली. अमेरिकेतही १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने अशीच मोकळीक दिली.

कायद्याचा अडसर दूर झाला, तरी निसर्गाचा अडसर कायम होता. इंग्लंडचा हिवाळा दीर्घ असतो आणि १९६० च्या सुमारास तेथील बहुसंख्य घरांत मध्यवर्ती तापनव्यवस्था नव्हती. दिवाणखान्यात शेगडी पेटलेली असे तोवर ऊब; रात्री ती विझली की घर गारठून जाई. अशा घरात आंबत ठेवलेली बादली सकाळी पाहावी, तो आदल्या दिवशी जोमाने वर आलेला फेस खाली बसलेला असे. बिअर पूर्ण झाली असे समजून कोणी ती बाटल्यांत भरलीच, तर काही आठवड्यांनी, हवा उबदार होताच, उरलेल्या साखरेचे किण्वन बंद बाटलीत सुरू होई आणि कोंडलेल्या वायूच्या दाबाने बाटल्या फुटत. तपमानाच्या नियमनाचा प्रश्न हा म्हणूनच केवळ चवीचा प्रश्न नव्हे. तो सुरक्षिततेचाही आहे.

या प्रश्नाचे सोपे वाटणारे उत्तर म्हणजे बादलीला उष्णता देणे. परंतु उष्णता देणे आणि तपमान राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि घरगुती किण्वनातील बहुतेक अपयशांचे मूळ या दोहोंची गल्लत करण्यात आहे. हा भेद स्पष्ट होण्यासाठी प्रथम यीस्टच्या गरजा पाहावयास हव्यात.

इंग्लंडमध्ये घरोघरी केली जाते ती बिअर मुख्यतः 'एल' या प्रकारची असते. तिचे किण्वन करणाऱ्या यीस्टच्या जाती सामान्यतः १८° ते २२° से. या पट्ट्यात उत्तम काम करतात. तपमान याहून बरेच खाली गेले, तर पेशींची चयापचयाची गती मंदावते, त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. किण्वन अर्धवट राहते. शिवाय आरंभीच अर्क फार थंड असेल, तर यीस्टची वाढ सुरू होण्यास विलंब लागतो आणि तेवढ्या अवधीत हवेतून वा भांड्यातून आलेल्या नको असलेल्या जीवाणूंना मोकळे रान मिळते. उलटपक्षी तपमान फार वाढले, तर किण्वन झपाट्याने होते खरे. पण त्याबरोबर एस्टर आणि उच्चतर अल्कोहोले ही उपउत्पादने प्रमाणाबाहेर निर्माण होतात. एस्टरांचा अंश माफक असेल, तर एलला फळांसारखा मंद गंध येतो. तो वाढला की पिकल्या केळ्याचा किंवा द्रावकासारखा उग्र वास येऊ लागतो. उच्चतर अल्कोहोलांमुळे घशाशी जळजळ जाणवते. ही उपउत्पादने मुख्यत्वे यीस्टच्या वाढीच्या काळात, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतात. त्यामुळे आरंभीची चूक पुढे तपमान उतरवून सुधारता येत नाही.

चढ-उतारांचे परिणाम आणखी वेगळे. किण्वनाच्या ओघात डायअ‍ॅसिटिल नावाचे एक संयुग तयार होते. त्याचा वास लोण्यासारखा असतो. किण्वनाच्या अखेरीस यीस्ट हे संयुग पुन्हा शोषून घेते व त्याचे रूपांतर करते. परंतु याच टप्प्यावर एखाद्या थंड रात्रीने यीस्ट तळाशी बसले, तर हे शोधनकार्य अपुरे राहते आणि बिअरमध्ये लोण्याचा वास कायमचा मुरतो. स्थिर तपमानाचा आग्रह धरला जातो तो या कारणासाठी.

तपमान मोजण्याची कल्पना या व्यवसायात तुलनेने उशिरा आली. तापमापक येण्यापूर्वी इंग्लंडमधील जाणते कारागीर माल्ट भिजविण्यासाठी लागणाऱ्या पाण्याची कढत पारखण्यासाठी वाफ विरळ होऊन पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब स्वच्छ दिसेपर्यंत थांबत. किण्वनाच्या टाकीची ऊब हाताने वा कोपराने अजमावीत. मायकेल कॉम्ब्रून याने १७५८ साली आपल्या निबंधात या कामी तापमापकाचा पद्धतशीर उपयोग प्रतिपादिला. पुढील शतकात मद्यशाळा आणि उष्णताशास्त्र यांचा संबंध आणखी घनिष्ठ झाला. उष्णता व यांत्रिक कार्य यांतील समतुल्यता सिद्ध करणारा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा सॅलफर्ड येथील एका मद्यशाळेच्या मालकाचा मुलगा होता आणि १८५४ साली ती विकली जाईपर्यंत तिच्याशी संबंधित होता. अंशाच्या अल्पांशाइतके फरक तो आपल्या प्रयोगांत मोजीत असे. लुई पाश्चर याने बिअरवरील आपला ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला, तर एमिल ख्रिश्चन हान्सेन याने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली यीस्टचे शुद्ध संवर्धन साध्य केले. किण्वन ही सजीवांची क्रिया आहे हे एकदा निश्चित झाल्यावर, त्या सजीवांना मानवेल असे तपमान राखणे ही कारागिराची पहिली जबाबदारी ठरली.

आता मूळ गणिताकडे वळू या. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते तेव्हा उष्णताही बाहेर पडते. एक किलोग्रॅम साखरेच्या किण्वनात साडेपाचशे ते सहाशे किलोज्यूल उष्णता निर्माण होते. घरगुती बादलीत साधारणतः २० लिटर अर्क असतो. त्याची आरंभीची घनता पाण्याच्या १.०४० पट असेल, तर त्यात सुमारे दोन किलोग्रॅम विरघळलेले पदार्थ असतात आणि त्यांपैकी ढोबळ मानाने दोन तृतीयांश यीस्टच्या कामी येतात. म्हणजे एकूण सुमारे ७५० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या द्रवाचे तपमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ८० किलोज्यूल लागतात. सबब, ही सर्व उष्णता बादलीतच कोंडून राहिली, तर तपमान नऊ-साडेनऊ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात ही उष्णता तीन-चार दिवसांत विखुरलेली असते. तीन दिवसांचा हिशेब धरला, तर यीस्टची सरासरी शक्ती तीन वॅट भरते. जोमाच्या काळात ती याच्या दुप्पट होऊ शकते. म्हणजे बादलीतील यीस्ट ही स्वतःच एक लहानशी शेगडी आहे, आणि तिची आच दररोज बदलत असते.

ताळेबंदाची दुसरी बाजू उष्णतेच्या व्ययाची. अशा उघड्या बादलीतून, द्रव व भोवतालची हवा यांच्या तपमानांतील प्रत्येक अंशाच्या फरकामागे अदमासे अडीच वॅट उष्णता निघून जाते. खोलीचे तपमान १२° आणि बिअरचे २०° हवे असेल, तर फरक आठ अंशांचा. म्हणजे सतत वीस वॅट पुरवावयास हवेत. त्यांपैकी यीस्ट पहिल्या दिवसांत पाच-सहा वॅट देईल, पुढे दोन, आणि अखेरीस जवळजवळ शून्य. उरलेली उष्णता बाहेरून पुरवावी लागते.

घरगुती किण्वनासाठी विकला जाणारा तापक पट्टा बहुधा पंचवीस वॅटच्या आसपास असतो. बादलीच्या कमरेला तो बांधावयाचा आणि बटण दाबावयाचे, इतकाच त्याचा उपयोग समजला जातो. परंतु हा पट्टा स्थिर शक्ती देतो, स्थिर तपमान नव्हे. वरील हिशेबाप्रमाणे पंचवीस वॅटनी उघड्या बादलीचे तपमान खोलीच्या तपमानापेक्षा दहा अंश वर जाऊन स्थिरावते. खोली १२° असेल तर बिअर २२° होते, आणि सर्व काही ठीक भासते. यीस्ट जोमात असताना हाच आकडा २४° होतो. घरात शेगडी पेटून खोली १८° झाली आणि तशीच राहिली, तर बिअर २८° च्या पलीकडे जाते. कोणी काळजीपोटी बादलीभोवती जाड घोंगडी गुंडाळली आणि त्यामुळे उष्णतेचा व्यय अर्ध्यावर आला, तर तोच पट्टा बिअरला खोलीपेक्षा वीस अंशांनी वर नेतो. काळजी वाढली तसा धोका वाढला, असा हा विचित्र प्रकार आहे. पण आकडे पाहता त्यात विचित्र काहीच नाही.

घोंगडीचा दोष मात्र यात नाही. उलट, या साऱ्या साधनांत तिची योग्यता पहिली आहे. उष्णतेचा व्यय कमी करणे म्हणजे बदलांची गती कमी करणे होय. वीस लिटरांची उघडी बादली भोवतालच्या बदलाला सुमारे नऊ तासांच्या कालमानाने प्रतिसाद देते. रात्री आठ तास खोली पाच अंशांनी उतरली, तर बिअर सुमारे तीन अंशांनी उतरेल. घोंगडीने व्यय अर्धा झाला, तर तीच घट पावणेदोन अंशांवर येते. म्हणून आधी आवरण, मग तापक आणि तापकावर नियंत्रक, असा क्रम शास्त्रशुद्ध ठरतो. नियंत्रकाविना आवरण आणि तापक यांची जोडी कधीही करू नये.

तापकांचे प्रकार अनेक. इंग्रजी घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे सुकविण्याचे एक कपाट असते. प्रारंभीच्या हौशी मंडळींनी बादल्या त्यातच ठेवल्या. तेथे उष्णता फुकट मिळे, परंतु टाकीतील पाणी तापले की कपाटही तापे आणि त्यावर बादलीवाल्याची सत्ता चालत नसे. त्यानंतर आल्या विजेच्या तापक तबकड्या व पट्टे. तबकडी तळाला तापवते आणि तळाशीच यीस्टचा गाळ साचतो; त्यामुळे गाळालगतचा थर उर्वरित द्रवापेक्षा अधिक गरम राहण्याचा संभव असतो. पट्टा वर-खाली सरकवता येतो, हा त्याचा गुण. तिसरा प्रकार म्हणजे शोभेच्या माशांच्या काचपेटीत वापरतात तशी बुडवण्याची तापककांडी. तिच्या आतच द्विधातू पट्टीचा नियंत्रक असतो: दोन भिन्न धातू तापल्यावर असमान प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि विद्युत्मंडल तुटते, थंड होताच ते पुन्हा जुळते. ही कांडी थेट बिअरमध्ये बुडवता येते; पण तिच्या खाचांत गाळ अडकतो आणि निर्जंतुक स्वच्छता अवघड होते.

या अडचणीवरील एक सुबक तोड म्हणजे जलकुंड. एका मोठ्या टबात पाणी भरून त्यात बादली ठेवावयाची आणि तापककांडी त्या पाण्यात बुडवावयाची. यात चार लाभ साधतात. कांडीचा बिअरला स्पर्श होत नाही. बादलीच्या सर्व बाजूंना सारखी ऊब मिळते. बादलीभोवती चाळीस लिटर पाणी असेल, तर एकूण उष्णताधारकता तिप्पट होते आणि चढ-उतार मंदावतात. शिवाय पाण्याकडे उष्णता हवेपेक्षा पुष्कळच सहज वाहते. त्यामुळे यीस्टची स्वतःची उष्णता बादलीत साचून न राहता पाण्यात पसरते. अगदी साध्या उपकरणांनी उत्तम स्थैर्य साधावयाचे असेल, तर ही पद्धत आजही मागे पडलेली नाही.

आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वस्त व सुलभ झाले आहेत. त्यांचे कार्य सोपे असते: संवेदकाने दाखविलेले तपमान ठरविलेल्या आकड्याखाली अर्ध्या अंशाने गेले की तापक चालू, आकड्यापाशी पोचले की बंद. तथापि, संवेदक कोठे ठेवावयाचा यावर सर्व काही अवलंबून असते. तो कपाटातील हवेत लोंबकळत ठेवला, तर नियंत्रक हवेचे तपमान स्थिर राखील. आणि यीस्ट जोमात असताना बिअर त्याहून दोन अंश किंवा अधिक वर असेल. तो पट्ट्याला लागून ठेवला, तर पट्टा स्वतःलाच तापलेला पाहून बंद पडेल आणि बिअर थंडच राहील. संवेदकाची योग्य जागा दोनच: बादलीच्या भिंतीला, पट्ट्यापासून दूर, घट्ट चिकटवून वरून स्पंजाच्या वा कापडाच्या घडीने झाकलेली, किंवा द्रवात उतरविलेल्या, तळ बंद असलेल्या नळीत. मोजावयाचे ते बिअरचे तपमान. खोलीचे नव्हे आणि उपकरणाचेही नव्हे.

वेळापत्रकाचाही विचार हवा. पहिल्या तीन दिवसांत तपमान पट्ट्याच्या खालच्या बाजूस, १८°-१९° च्या आसपास ठेवावे. कारण उपउत्पादनांचा धोका तेव्हाच असतो आणि यीस्टची स्वतःची उष्णताही तेव्हाच सर्वाधिक असते. किण्वनाचा जोर ओसरू लागला की तपमान दोन अंशांनी वाढवावे; त्यामुळे यीस्ट तरंगत राहते, उरलेली साखर संपते आणि डायअ‍ॅसिटिलचे शोधन होते. तापकाची खरी गरज प्रारंभी नसून अखेरीस असते. नवखा माणूस नेमके उलटे करतो: आरंभी उत्साहाने ऊब देतो आणि फेस बसताच तापक काढून ठेवतो. बाटल्या भरण्यापूर्वी द्रवाची घनता लागोपाठ दोन-तीन दिवस सारखी भरते की नाही, हे घनतामापकाने पाहणे हीच खरी कसोटी.

वीज आणि पाणी एकत्र येत असल्याने काही पथ्ये अपरिहार्य होत. काचेची तापककांडी द्रवाबाहेर काढण्यापूर्वी वीज बंद करून ती निवू द्यावी. एरवी काच तडकते. विजेची तार पाण्याच्या पातळीखाली वळसा घेऊन मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे ओघळणारे थेंब खुंटीपर्यंत पोचत नाहीत. मंडलात गळती-संरक्षक बसविलेला असावा. पट्टा स्वतःवर दुमडू नये. खोलीस वायुवीजन असावे, कारण किण्वनातून बाहेर पडणारा वायू हवेपेक्षा जड असतो.

हा प्रश्न प्रत्येक देशाने आपापल्या हवामानाप्रमाणे सोडविला आहे. बव्हेरियात उष्णतेचीच भीती होती. तेथे १५५३ सालच्या राजाज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास मनाई केली. थंड हवेत तग धरणाऱ्या यीस्टची 'लागर' बिअर त्या परंपरेत वाढली. नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकऱ्यांनी 'क्वाइक' नावाचे यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपले. ते ३०° ते ४०° इतक्या तपमानात निर्दोष काम करते. कोमट अर्कात ते घालून पिंप गुंडाळून ठेवले की काम भागते. जपानमध्ये साकेचे मूळ विरजण तयार करताना त्यात गरम पाण्याने भरलेला लहान बंद पिंप बुडवून ऊब देण्याची जुनी रीत आहे. तापककांडीचीच ही पूर्वज म्हणता येईल. लडाखमध्ये छांगसाठी शिजविलेले जव किण्वचूर्ण मिसळून गुंडाळून उबेत ठेवतात. सिक्कीममध्ये शिजविलेल्या नाचणीला 'मारचा' चोळून तशीच ऊब दिली जाते. या सर्व रीतींत बाहेरील अग्नी कमी आणि आवरण अधिक, हे लक्षणीय आहे.

भारतात मद्यनिर्मिती हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९ सालच्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. तथापि, या लेखातील गणित केवळ मद्याचे नव्हे. मराठी घरातील विरजणालाही तेच लागू पडते. थंडीच्या रात्री लावलेले दही सकाळी अदमुरे राहते, आणि उन्हाळ्यात तेच वेळेवर न हलविल्यास आंबट होऊन पाणी सोडते. भांडे दुलईत गुंडाळणारी किंवा गव्हाच्या डब्यात खोचून ठेवणारी आजी उष्णतेचा व्यय कमी करीत असते. दह्याच्या जीवाणूंना ४०° ते ४५° मानवतात. दूध कोमट असताना विरजण लावून ती ऊब टिकविणे पुरेसे होते, कारण काम काही तासांचेच असते. बिअरचे काम आठवड्याचे. म्हणून तेथे टिकविण्याबरोबर पुरविणेही आले, आणि पुरविणे आले की मोजणे ओघाने आलेच.

पाण्यात प्रतिबिंब पाहणारा जुना कारागीर आणि संवेदक चिकटविणारा आजचा हौशी माणूस यांच्यात म्हणूनच विरोध नाही. दोघेही एकाच गोष्टीचा शोध घेतात: डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांना या घटकेस किती ऊब आहे आणि किती हवी आहे. उपकरणाने उत्तर अचूक मिळते. परंतु प्रश्न योग्य ठिकाणी विचारण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. संवेदक चुकीच्या जागी असेल, तर उत्तम नियंत्रकही चुकीच्या आकड्याची इमानाने राखण करीत बसतो.